जबाबदारी डॉक्टरांची, शिट्टी पंचांची

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा एमबीबीएस डॉक्टर. इथलं एक मंडळ दरवर्षी किकबॉक्सिंग आणि एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या) लढती भरवतं. गेली दोन वर्षं रिंगजवळ मीच बसतो. यंदा मंडळाने दिवाळीतच नेमणुकीचं पत्र दिलं. त्यातलं कलम 4 असं: ‘स्पर्धेदरम्यानची सर्व वैद्यकीय जबाबदारी डॉक्टरांची राहील. लढत थांबवण्याबाबत पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही, पण फ्लेक्सवर माझं नाव लागलंय आणि सह्या केलेले कोरे फिटनेस सर्टिफिकेट मंडळाचा माणूस घेऊन गेलाय. खेळाडूंकडून ‘तक्रार करणार नाही’ असं संमतीपत्र घेतात. माझे सर्जन मित्र म्हणतात, या भानगडीत पडूच नको. काही बरंवाईट झालं तर मी अडकेन का?
– एक डॉक्टर, सांगली जिल्हा

उत्तर: डॉक्टर, असं विचारणारे तुम्ही एकटे नाहीत. कुस्तीच्या मैदानापासून कराटेच्या स्पर्धेपर्यंत डॉक्टरांची हीच तक्रार, आणि सगळ्यांची भिस्त त्या संमतीपत्रावर. ते बाजूला ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 नुसार 18 वर्षांवरील माणूस खेळातली इजा पत्करू शकतो, पण ती इजा प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाची. डॉक्टरच्या हलगर्जीपणाला त्याने संमती दिली, असा अर्थ त्या कागदातून काढणं कठीण. अठरा वर्षांखालची पोरं उतरवणार असतील तर तेवढाही आधार नाही.

तुमचं सगळं प्रकरण कलम 4 च्या त्या दोन वाक्यांत आहे. पहिल्या वाक्याने जबाबदारी तुमच्या गळ्यात घातली, दुसऱ्याने अधिकार काढून घेतला. समजा, तिसऱ्या फेरीआधी पोराचे पाय लटपटतायत, कोणती फेरी चाललीय हे त्याला सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात ‘बस’, पंच म्हणाले ‘चालू द्या’. पुढे मेंदूत रक्तस्राव झाला तर मंडळाचे वकील हेच पत्र कोर्टात ठेवतील आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवतील. तुम्ही नको म्हणाला होतात याचा पुरावा कुठे? जागतिक कुस्ती महासंघाच्या नियमांत खेळाडूला धोका वाटला तर लढत थांबवणं हा डॉक्टरचा हक्क आहे आणि कर्तव्यही. तुमचं मंडळ हे का देत नाही, ते विचारा.

या बाबतीत 1991 ची लंडनमधली मायकेल वॉटसन या बॉक्सरची लढत वाचण्यासारखी आहे. त्याच्या मेंदूला इजा झाली तेव्हा रिंगजवळ श्वास सावरण्याची तातडीची सोय नव्हती. ज्या हॉस्पिटलात आधी नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. कोर्टाने दोषी धरलं ते ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाला, कारण सुरक्षेचे नियम ठरवण्याचा अधिकार बोर्डाकडे होता. (अपिलाचा निकाल यायला 2000 साल संपत आलं. आपल्याकडच्या तारखांना नावं ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, अर्थात आपल्याकडे नऊ वर्षांत साक्षी-पुरावे संपले तरी पेढे वाटावेत.) बंगळूरला 2022 मध्ये किकबॉक्सिंगच्या लढतीत म्हैसूरचा एक तरुण गेला, तेव्हा मैदानावर वैद्यकीय सोय नव्हती असा घरच्यांचा आरोप होता आणि गुन्हा आयोजकावर नोंदला गेला. तुमच्या मंडळाने कलम 4 लिहिलं ते हेच टाळण्यासाठी, असं मला वाटतं.

फौजदारी बाजूचं थोडक्यात. संहितेच्या कलम 106(1) खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून ‘वैद्यकीय प्रक्रिया करताना’ तसं घडलं तर 2 वर्षांपर्यंत. रिंगजवळ बसून लढत न थांबवणं ही ‘प्रक्रिया’ ठरेल का, यावर वाद होईल आणि तो तुमच्या खटल्यात होऊ नये. सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू निकालाने (2005) ढोबळ निष्काळजीपणा असल्याशिवाय डॉक्टरला फौजदारीत ओढू नये, ऊठसूट अटक करू नये, असं बजावलंय. तो आधार तुम्हाला आहे. ग्राहक आयोगाचं (पूर्वीच्या ग्राहक मंचाचं) मात्र सांगता येत नाही. मानधन मंडळ देत असलं तरी सेवेचा लाभ खेळाडूला मिळतो, त्यामुळे दार पूर्ण बंद नाही.

आता कोऱ्या सर्टिफिकेटांचं. रक्तदाब न बघता, डोळ्यांत टॉर्च न मारता, नावसुद्धा न लिहिता सही-शिक्का? चेकबुक तरी असं कुणाच्या हाती दिलं असतंत का? तपासणीशिवायचं सर्टिफिकेट दिशाभूल करणारं ठरलं तर डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार वैद्यक परिषद नाव रजिस्टरवरून काढू शकते. तिथे जेकब मॅथ्यू कामाला येणार नाही. ती सर्टिफिकेटं आजच परत आणा, आणि नाहीच मिळाली तर ‘ही रद्द समजावीत’ असं लेखी कळवा.

तुमच्या मित्रांचं मत आजचं नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने 1983 सालीच बॉक्सिंगवर बंदीची मागणी केली. उलट बाजूने, डॉक्टर उठून गेला की त्याच्या खुर्चीत स्प्रेची बाटली घेऊन कुणीही बसतं. जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, कायदा अडवत नाही.

गेलात तर पत्रात एवढं लिहून घ्या: डॉक्टरने थांबवली की लढत थांबली, पंच किंवा आयोजक ती पुन्हा सुरू करणार नाहीत. ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत नळी घालण्याची सोय असलेली ॲम्ब्युलन्स मैदानावर उभी, ती गेली तर लढती बंद. मिरज किंवा कोल्हापूरच्या न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलला आधी कळवलेलं. तुमची इन्शुरन्स पॉलिसी क्लिनिकबाहेरचं काम धरते का, तेही कंपनीकडून लेखी घ्या.

दिवाळीपासून गप्प बसलात हे मात्र अंगाशी येऊ शकतं. नुसतं मौन म्हणजे स्वीकृती नव्हे, पण फ्लेक्सवरचं नाव आणि दिलेली सर्टिफिकेटं मिळून तुमच्या वागण्यातून होकार दिसतो. ऐन स्पर्धेच्या सकाळी माघार घेतलीत तर तो वेगळाच खटला. म्हणून कलम 4 मान्य नसल्याचं पत्र याच आठवड्यात पोचपावतीसह पाठवा. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. कलम बदललं नाही तर नाव फ्लेक्सवरून उतरवायला सांगा आणि उतरवल्याचा फोटो ठेवा.