हॉकीतला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, सगळ्यात चांगला कोच कोण, आणि भाच्याला कुणाचे व्हिडिओ दाखवू?

असं तुम्ही विचारलंत, आणि प्रश्नाखाली पाच नावं दिलीत. ध्यानचंद, बलबीर सिंग सीनियर, शाहबाज अहमद, धनराज पिल्ले आणि जेमी ड्वायर. पाचच्या पाच पुढं खेळणारे, म्हणजे फॉरवर्ड. ते पण ठीक. पण शेवटी हळूच लिहिलंय की भाचा बारा वर्षांचा आहे, सध्या गोलकीपर आहे, "पण त्याला पुढं खेळवायचा विचार आहे, गोलीत काय राम नाही". हे वाचलं आणि ताटावरून उठून लिहायला बसलोय, बायको आतून बडबडतीय.

उत्तर पाहिजे ना, घ्या. ध्यानचंद. विषय संपला. १९२८, ३२, ३६, तीन ऑलिंपिक, तीन गोल्ड, आणि १९३६ ला कॅप्टन असताना बर्लिनमध्ये जर्मनीला त्यांच्याच घरात ८-१. यावर कोण वाद घालणार. पण १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये आपण २९ गोल मारले हे सगळे सांगतात, खाल्ले किती ते विचारा. शून्य. अख्ख्या स्पर्धेत शून्य. गोलमध्ये रिचर्ड ॲलन होता, जन्म नागपूरचा. तुम्ही नाव ऐकलंय का? नसणारच. १९३२ ला अमेरिकेला आपण २४-१ ने हाणलं, त्यातला तो एक गोल झाला तेव्हा ॲलन साहेब गोलमागं ऑटोग्राफ देत होते असं सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण बघा, गोलकीपरची आठवण ठेवली ती पण चेष्टेसाठीच.

आणि शंकर लक्ष्मण. महूचा माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी, १९५६, ६०, ६४ तीन ऑलिंपिक. ६४ ला टोकियोत पाकिस्तानविरुद्धची फायनल १-० ने जिंकली, म्हणजे मोहिंदर लालनं एक मारला आणि यानं एकही आत सोडला नाही. १९६६ ला बँकॉकच्या एशियन गेम्समध्ये कॅप्टन होता, गोल्ड आणलं. २००६ ला महूतच गेला, पायाला गँगरीन, इलाजाला पैसे नाहीत. दोन ऑलिंपिक गोल्डचा मालक. फॉरवर्ड असता तर चौकाला नाव दिलं असतं.

आता मी का एवढा चिडलोय ते सांगतो.

मी सोलापूरचा. १९९२, दहावीत होतो. शाळेच्या टीमचा गोली. आमचं मैदान मुरमाचं, उन्हाळ्यात त्याच्यावर पापड भाजला जाईल असलं. गोलला जाळी नाही, मागं फळी नाही, दोन पाईप उभे आणि एक आडवा. किट म्हणजे शाळेचे क्रिकेटचे जुने पॅड, पायात कॅनव्हासचे बूट, आणि छातीला काहीच नाही. वडील यंत्रमागावर होते. आईनं एक जुनी सोलापुरी चादर घेतली, चार घड्या घातल्या, कडेनं टाके मारले, खांद्याला आणि कमरेला नाड्या लावल्या. समोर छातीवर मोर. ते माझं चेस्ट गार्ड. त्याच्यावर बॉल बसला की आवाज यायचा नाही, नुसता मोरातून धूर उडाल्यासारखी धूळ. तेव्हापासून गावात माझं नाव चादर. आज पन्नाशीला आलो, नव्या पेठेत अजून कोणतरी "काय बे चादर" म्हणून हाक मारतंच.

जिल्हा जिंकलो आणि विभागाला पुण्याला गेलो. रात्रीची गाडी, पहाटे उतरलो, मुक्काम एका शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या. सगळ्यांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन दिवस तेच. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याशी मॅच होती ती पोरं संध्याकाळी तिथंच आलेली. त्यांचा गोली माझ्याशी बोलायला लागला. गोलींचं असं असतंय, टीम कुठलीपण असूदे, गोली गोलीला ओळखतो. मी मोर दाखवला, तो लई हसला, आणि मग माझे बूट बघून गप झाला. उठला, पिशवीतनं त्याचे जुने किकर, म्हणजे गोलीनं बुटांवर बांधायचे जाड गार्ड, आणले, चामड्याचे, उजव्याचा अंगठ्यापाशी टाका उसवलेला, आणि म्हणाला घे, मला नवीन मिळालेत. आम्ही दोघांनी बाहेर टपरीवर एक चहा दोघांत घेतला. एवढंच झालं.

सकाळी मॅच. गवताचं मैदान, मी आयुष्यात पहिल्यांदा गवतावर उभा. हे तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. मुरमावर बॉल कधी सरळ येत नाही, खड्याला लागून उडतोच, त्यामुळं मुरमावर शिकलेला गोली अर्धा सेकंद थांबतो, बॉल कुठं उडतोय ते बघून मग पाय घालतो. गवतावर तो अर्धा सेकंद मिळत नाही. बॉल साबणावरून आल्यासारखा येतो. पहिला गोल पायातनं गेला तेव्हा मी अजून उसळीची वाट बघत होतो. आणि मागं फळीचा आवाज. धप्प. तो आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता, मला वाटलं काहीतरी पडलं.

७-० ने हरलो. सात. त्यातले तीन शॉर्ट कॉर्नरवर, तिन्ही माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात. शॉर्ट कॉर्नर म्हणजे पेनल्टी कॉर्नर, गोलजवळ फाउल झाला की समोरचे गोल लाईनवरनं बॉल बाहेर ढकलतात आणि तिथनं गोलवर मारतात. आता त्याला आपले गोली धरून पाचच जण गोल लाईनच्या मागं असतात, बाकीचे सेंटरच्या पलीकडं. गोल १२ फूट रुंद. पहिला हिट जमिनीलगतच मारावा लागतो, फळीच्या वर म्हणजे साधारण दीड फुटाच्या वर गेला तर गोल धरत नाहीत. म्हणून एकजण पोस्टला चिकटून, स्टिक खाली टेकवून कोपरा राखतो. माझ्या डाव्या पोस्टला होता माझा चुलत भाऊ. नाव लिहीत नाही, तो हे वाचणार. मी त्याला दादा म्हणतो, एक वर्षानं मोठा. तर बॉल ढकलला रे ढकलला की दादा पोस्ट सोडून पुढं पळायचा. तीनदा. तिन्ही वेळा बॉल तो जिथं उभा असायला पाहिजे होता तिथनं आत.

परतीला पुणे स्टेशनवर वडापाव खाताना सरांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "किकरवर विकला गेलास का बे?" पोरं हसली. आदल्या रात्रीचं सरांना कुणी सांगितलं असेल? टपरीजवळनं एकच माणूस गेला होता. दादा. पुढं त्या शाळेत मला एकपण मॅच खेळवली नाही. कुणी काही विचारलं नाही, फळ्यावर लिस्ट लागायची, नाव नसायचं.

मीर रंजन नेगीचं नाव मी तेव्हा ऐकलं नव्हतं. नंतर कॉलेजला लायब्ररीत पेपरात वाचलं. १९८२, दिल्ली, एशियन गेम्सची फायनल, पाकिस्तानकडून १-७. सगळ्या देशानं एकट्या गोलीला, नेगीला, धरलं, पैसे खाल्ले म्हणाले. अरे सात गोल एकटा माणूस खातो होय? पुढचे दहा जण काय मैदानावर हुरडा खायला गेले होते? वाचताना कानशिलं तापली माझी. तोच माणूस १९९८ ला बँकॉकला एशियन गेम्समध्ये गोलकीपिंगचा कोच म्हणून गेला. फायनल कोरियाशी, पेनल्टी स्ट्रोकवर गेली, आणि आपला गोली आशिष बल्लाळनं स्ट्रोक अडवून ती काढली. ३२ वर्षांनी एशियाडचं गोल्ड. कॅप्टन आपला खडकीचा धनराज, मेन कोच एम. के. कौशिक. आणि बक्षीस काय मिळालं? धनराजसकट कितीतरी जणांना टीमबाहेर काढलं, कौशिकला पण घालवलं. धनराज तोंडाळ होता म्हणतात. होता. पण मोडक्या स्टिकनं शिकून चार ऑलिंपिक, चार वर्ल्डकप खेळलेल्या माणसानं तोंड उघडू नये तर कुणी उघडावं?

कोचचं विचारलंत. पुस्तकी उत्तर म्हणजे ऑस्ट्रेलियाचा रिक चार्ल्सवर्थ. स्वतः वर्ल्डकप जिंकलेला, डॉक्टर, खासदार, वर क्रिकेटपण खेळलेला. बायकांच्या टीमला १९९६ आणि २००० चं ऑलिंपिक गोल्ड, पुरुषांच्या टीमला २०१० आणि २०१४ चा वर्ल्डकप. आपल्याकडंपण सल्लागार म्हणून आला होता, २००८ ला निघून गेला. तेच वर्ष ज्या वर्षी आपण ऑलिंपिकला पात्रच ठरलो नाही. जर्मनीचा मार्कुस वाइझ २००४ ला बायकांना गोल्ड देतो, २००८ आणि २०१२ ला पुरुषांना. ॲलिसन ॲनन खेळाडू म्हणून ऑस्ट्रेलियाला दोन गोल्ड, कोच म्हणून नेदरलँड्सला २०२१ ला टोकियोत गोल्ड, मग चीनला घेऊन पॅरिसमध्ये सिल्व्हर.

पण माझं मत विचाराल तर ग्रॅहम रीड, तेव्हाचा आपला कोच. तेच २०२१ चं टोकियो ऑलिंपिक, दुसरीच मॅच, ऑस्ट्रेलियाकडून १-७. परत तोच आकडा. मी घरात टीव्ही बंद करून गच्चीवर गेलो होतो. मला वाटलं आता आपला गोली श्रीजेश संपला. पुढच्या मॅचला स्पेनविरुद्ध तोच उभा, ३-० ने जिंकलो. आणि ब्राँझच्या मॅचला जर्मनीशी ५-४ असताना शेवटचे सहा सेकंद, त्यांना पेनल्टी कॉर्नर, आणि श्रीजेशनं तो घालवला. ४१ वर्षांनी मेडल. नंतर हा बाबा गोलच्या आडव्या पाईपवर चढून बसला होता, फोटो बघितला असेल. सात गोल खाल्लेल्या गोलीला दोन दिवसांनी परत उभं करणारा तो कोच, बाकी ट्रॉफ्या कपाटात ठेवा. दादा म्हणतो, दुसरा गोली राखीवमध्ये होता, रीडला पर्याय होताच कुठं. म्हणूदे.

पॅरिसची ब्रिटनविरुद्धची क्वार्टर फायनल दादाच्याच घरी बघितली, जुळे सोलापूरला, रविवार दुपार, मटणाचा बेत. अमित रोहिदासला रेड कार्ड, चाळीस मिनिटांच्या वर दहा जणांत खेळलो, १-१, शूटआऊटला ४-२. श्रीजेशनं शेवटचा अडवला तेव्हा दादा ओरडला, "गोलकीपर असावा तर असा!" माझ्या हातातली भाकरी तिथंच राहिली. म्हणलं दादा, एक माणूस कमी असताना पण त्यांनी पोस्ट सोडला नाही. तो म्हणाला, तुझं अजून तेच हाय का, मला सरांनी पळायला सांगितलं होतं. ३२ वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा आलं तोंडातनं. आधी तो म्हणायचा मी पळालोच नव्हतो. वहिनीनं रस्सा वाढला म्हणून पुढं भांडण झालं नाही.

तर भाच्याला व्हिडिओ. टोकियोचे ते शेवटचे सहा सेकंद दाखवा, आणि २०१४ च्या इंचॉनच्या फायनलचं पाकिस्तानविरुद्धचं शूटआऊट. श्रीजेशकडं बघायला पोरगा आपोआप बघंल, टोकियोच्या त्या कॉर्नरला तुम्ही त्याला पोस्टवरच्या आणि पुढं धावणाऱ्या माणसांकडं बघायला सांगा. कोण कधी हलतोय. गोलीनं त्यांच्यावर ओरडायचं असतं, मी त्या दिवशी ओरडलो नाही, मोठा भाऊ म्हणून गप बसलो. लहान वयात ड्रिबलिंग पाहिजेच असेल तर शाहबाजचं दाखवा, नजर लागेल असलं. पोराला पुढं खेळायचं असेल तर खेळूदे, पण ते त्यानं ठरवायचं, तुम्ही नाही. श्रीजेशच्या वडिलांनी किटसाठी गाय विकली होती. तुम्हाला गाय विकायला लागणार नाही, पण हेल्मेट, गार्ड सगळं नीट घ्या, चादरीवर भागवू नका, हल्ली ड्रॅग फ्लिक, म्हणजे कॉर्नरला स्टिकनं ओढून उडवलेला बॉल, छातीवर येतो.

हे पण सांगून टाकतो, मी विभागाच्या पुढं कधी गेलो नाही, आयुष्यात एकूण नऊ मॅच, त्यामुळं फार मोठा जाणकार समजू नका. आणि त्या सातपैकी दोन गोल माझेच होते. पायातनं गेलेला तर शंभर टक्के. बाकीच्या पाचांचं दादाला विचारा.

ते किकर अजून माळ्यावर आहेत. भाचा सोलापुरात असेल तर निरोप द्या, येऊन घेऊन जा. पुण्याच्या त्या पोराचं नावसुद्धा विचारायचं राहिलं होतं माझं. उजव्याचा टाका तेव्हाच उसवलेला, आता डाव्याचा पट्टापण गेलाय, मोच्याकडनं शिवून घ्यावा लागेल.