एलए-टू-ए (LA-2A) या आवाजाचे चढउतार दाबणाऱ्या जुन्या कॉम्प्रेसरचं प्लगइन, म्हणजे त्याची सॉफ्टवेअर नक्कल, खऱ्या यंत्रासारखं वाजतं का?

बऱ्यापैकी वाजतं, पण आधी आत येणारी लेव्हल बघा. गायकाचा ट्रॅक शून्याला, म्हणजे डिजिटल कमाल मर्यादेला, टेकत असेल तर कुठलंही प्लगइन चिरडल्यासारखंच वाजणार. सरासरी उणे 18 डीबीएफएसच्या (त्या मर्यादेपासून मोजलेल्या डेसिबलच्या) आसपास आणा.

या यंत्राची खरी गंमत ट्यूबमध्ये कमी, टी-फोर सेल या दाब ठरवणाऱ्या भागामध्ये जास्त. त्यात एक चकाकणारी पट्टी आणि प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर असतो. दाब निम्मा सुटायला साधारण 60 मिलिसेकंद, उरलेला सुटायला 1 ते 15 सेकंद! हा आळशी शेपटा ज्याला जमला ते प्लगइन चांगलं.

पीक रिडक्शन (किती दाबायचं ते ठरवणारा नॉब) फिरवून मीटरची सुई 3-4 डीबी हलू द्या. मग गेनच्या नॉबने आवाज बायपासइतकाच (प्लगइन बंद असताना असतो तितकाच) करा, नाहीतर मोठा आवाज ‘गोड’ वाटून फसाल. ढोलकीवर मात्र नको, फार सुस्त आहे.