हॉलस्टॅटच्या अस्थिगृहातल्या कवट्या का रंगवल्या, आणि त्या आजवर कशा टिकल्या?

या कवट्यांच्या फोटोंखालच्या 'थरारक' मथळ्यांवर जाऊ नका. तुम्ही विचारलंय की कवट्या रंगवणं हा जादूटोण्याचा प्रकार होता का. अजिबात नाही. अडचण होती ती जागेची.

ऑस्ट्रियातलं हॉलस्टॅट हे मिठाच्या खाणीवर जगलेलं गाव. पुढे तलाव, मागे उभा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, चर्च अन् इवलीशी दफनभूमी. ती वाढवणार कुठे? म्हणून दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडायची, अस्थी काढायच्या आणि जागा पुढच्या मृताला द्यायची. अस्थी जायच्या सेंट मायकेल चॅपेलच्या (छोट्या चर्चच्या) खालच्या खोलीत. हेच ते अस्थिगृह.

त्याआधी कवटी साफ करून काही आठवडे उन्हात ठेवत. पांढरीफटक झाली की कपाळावर नाव लिहायचं आणि भोवती माळ रंगवायची: ओक, लॉरेल, आयव्हीची पानं किंवा गुलाब. बऱ्याचदा हे काम कबर खोदणाराच करी. १७२० च्या सुमारास हा रिवाज पडला. आज तिथे बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या ६१० रंगवलेल्या, आणि त्या घराण्यानुसार शेजारी-शेजारी मांडल्यात. मला विचाराल तर खरी गंमत या मांडणीत आहे. कबर गेली तरी माणूस आपल्या माणसांतच राहिला!

१९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनावरची बंदी उठवली, लोक दहनाकडे वळले आणि मग रिवाज ओसरला. शेवटची कवटी १९९५ मध्ये आली. १९८३ मध्ये वारलेल्या एका बाईंची ती शेवटची इच्छा होती. त्यांचा सोन्याचा दात अजून दिसतो.

आता जतनाचं. हाड सच्छिद्र असतं. हवेतली ओल शोषून फुगतं, कोरडं पडलं की आकसतं, आणि हे वारंवार झालं की तडे जातात, वरचा रंगही सुटतो. ओल मुरून राहिली तर बुरशी आलीच. त्यामुळे अशा जागी हवा खेळती हवी आणि दमटपणात अचानक चढउतार नकोत. पर्यटकांची गर्दी नेमकी इथे नडते, कारण श्वासातून वाफ येते आणि हाताचं तेल हाडात मुरतं. पुसट नावं पुन्हा गिरवावीत किंवा वर वार्निश मारावं, असं सुचवणारे भेटतात. मी दोन्हींच्या विरुद्ध आहे. गिरवलं की मूळ रंगवणाऱ्याचा हात पुसला गेला, आणि वार्निश कालांतराने पिवळं पडतं, ते काढताना खालचा रंगही निघतो. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी, तीही जाणकाराने. पाणी लावूच नये.