वाचकांचे प्रश्न : ब्रेकची डिस्क बदलताना

प्रश्न : माझ्याकडे 2014 सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. गाडी 82,000 किलोमीटर चालली असून दोन वर्षांपूर्वी मी इंजिनाचे ट्यूनिंग करून घेतले आहे. पुण्याहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे दापोली हा आमचा नेहमीचा रस्ता. अलीकडे घाट अर्धा उतरून झाला की ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते आणि पेडलही पायाखाली धडधडते. एका गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकल्या आहेत, लेथवर घासून घेऊ’ असे सांगण्यात आले, तर दुसऱ्या ठिकाणी भोके आणि खाचा असलेल्या ‘स्पोर्ट’ डिस्क सुचवण्यात आल्या. त्यांची किंमत साध्या डिस्कच्या जवळजवळ तिप्पट आहे. मी काय निवडावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातली ‘घाट अर्धा उतरून झाला की’ ही नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण थंड असताना गप्प बसणारी आणि तापल्यावर बोलू लागणारी थरथर बहुतेक वेळा डिस्कच्या जाडीतील फरकातून येते. गॅरेजमध्ये सर्रास ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते, परंतु चाकासोबत फिरणारी ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, डिस्क पत्र्यासारखी सहजासहजी वाकत नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून थांबवणारे ठोकळे) एकाच जागी दाबून धरले गेले, उदाहरणार्थ घाट उतरून आल्यावर वाहतुकीत पेडलवर पाय ठेवून उभे राहिले, तर पॅडमधील द्रव्याचा थर त्या जागी चिकटतो. पुढच्या वेळी तीच जागा अधिक पकड घेते, अधिक तापते आणि कालांतराने तिथल्या बिडाची अंतर्गत रचना बदलून तो भाग काचेसारखा कठीण होतो. जाडीतला फरक मिलिमीटरच्या दोन शतांशांइतका असला तरी तो स्टिअरिंगवर जाणवू शकतो.

लेथचा उपाय मला आपल्या बाबतीत पसंत नाही. वर बसलेला थर लेथने निघतो हे खरे, परंतु कठीण झालेला भाग खोलवर गेलेला असतो आणि काही हजार किलोमीटरनंतर तो पुन्हा उंचवट्यासारखा वर राहतो, कारण भोवतालचे मऊ बीड झिजते आणि तो झिजत नाही. शिवाय घासून काढलेले प्रत्येक ग्रॅम बीड म्हणजे उष्णता साठवण्याची गमावलेली जागा असते. आपल्या डिस्क मूळच्याच आहेत की मध्ये कधी बदलल्या, हे आपण कळवलेले नाही. मायक्रोमीटरने निदान सहा-आठ ठिकाणी जाडी मोजून घ्यावी. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर ‘मिन टीएच’ अशा अक्षरांपुढे किमान जाडी कोरलेली असते. समजा नवी डिस्क 22 मिमी आणि किमान मर्यादा 19 मिमी असेल, तर 19.6 मिमीवर आलेली डिस्क कायद्याने नाही तरी शहाणपणाने संपलेली समजावी. अशी डिस्क लेथवर चढवणे म्हणजे मजुरी देऊन तिचे उरलेले आयुष्य कापून टाकणे होय.

आता निवडीकडे येऊ. ब्रेक गाडीची गती उष्णतेत बदलतो आणि डिस्कचे काम ती उष्णता आधी साठवणे व नंतर हवेला देणे हे आहे. चार माणसे आणि सामान धरून आपली गाडी 1,400 किलोची मानली, तर ताशी 100 किमी वेगावरून थांबताना सुमारे 5.4 लाख जूल ऊर्जा निर्माण होते. त्यातली सत्तर टक्के पुढच्या चाकांवर येते असे धरले आणि पुढची एक डिस्क पाच किलोची मानली, तर त्या एका थांबण्यात ती साधारण 75 अंश सेल्सिअसने तापते. ही उष्णता पुढच्या मिनिटभरात उतरू लागते, म्हणून शहरात काही त्रास होत नाही. घाटाचा हिशेब मात्र निराळा आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला आपण सुमारे 1,200 मीटर खाली येता. तेवढ्या उंचीची ऊर्जा 1.6 कोटी जूलपेक्षा अधिक, म्हणजे 100 च्या वेगावरून तीस वेळा थांबण्याइतकी असते. त्यातील चांगला वाटा टायरचे घर्षण, हवा आणि इंजिन घेतात, परंतु गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून ब्रेकवर उतरवली तर इंजिन आपला वाटा उचलत नाही आणि तो सगळा डिस्कच्या माथी येतो. आपल्या गाडीत डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा, गिअरबॉक्स आहे. घाटात लिव्हर मॅन्युअलकडे नेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवावा. कोणतीही महाग डिस्क जितका दिलासा देईल त्याहून जास्त दिलासा याने मिळेल, आणि तो फुकट आहे.

हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की भोकांच्या डिस्कचे कोडे बरेचसे सुटते. डिस्क ब्रेकची कीर्ती 1953 साली जग्वारच्या सी-टाइप गाडीने ल मान्सची शर्यत जिंकल्यावर जगभर पसरली. पुढे शर्यतीच्या गाड्यांत डिस्कला भोके पाडली जाऊ लागली, त्यामागे एक ठोस कारण होते : त्या काळचे पॅड तापल्यावर वायू सोडत आणि तो वायू पॅड व डिस्क यांच्यामध्ये अडकून पकड सैल करी. आजच्या चांगल्या पॅडमध्ये ही अडचण जवळपास उरलेली नाही. भोकांमुळे ओल्या रस्त्यावर पहिली पकड किंचित लवकर मिळते आणि आलॉय व्हीलमधून डिस्क देखणी दिसते, यात शंका नाही. त्यांची किंमत मात्र दोन प्रकारे चुकवावी लागते. एकतर डिस्कचे वस्तुमान कमी होते, म्हणजे तीच उष्णता तिला अधिक तापवते. दुसरे म्हणजे वारंवार तापण्या-निवण्यात ताण भोकांच्या कडांवर एकवटतो आणि बारीक तडे तिथूनच सुरू होतात. पोर्शसारख्या कंपन्या भोकांच्या डिस्क देतात, असा मुद्दा नेहमी मांडला जातो, पण त्या डिस्क मुळातच आकाराने मोठ्या आणि त्या गाडीसाठीच आखलेल्या असतात. साध्या डिस्कला बाजारात ड्रिल मारून रंगवलेला माल आणि त्या डिस्क यांची तुलना होऊ शकत नाही.

खाचांच्या डिस्कबद्दल माझे मत इतके कडक नाही. खाच आरपार नसल्यामुळे डिस्क फारशी दुबळी होत नाही, आणि तिची कड पॅडवरचा जळका चकचकीत थर खरवडत राहते. त्यासोबत हलकी घरघर ऐकू येते व पॅड थोडे लवकर झिजतात. आपल्या वापरासाठी ती आवश्यक नाही, आवडत असेल तर हरकतही नाही.

माझी शिफारस गाडीच्या मूळ मापाची, आतून हवा खेळणारी, अधिक कार्बन असलेल्या बिडाची साधी डिस्क अशी आहे. बिडातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपनेही शोषली जातात. खरेदी करताना दुकानात वजनकाटा मागायला संकोच करू नये : मूळ डिस्क आणि बदली डिस्क एकाच मापाच्या असूनही बदली डिस्क अर्धा किलो हलकी भरली, तर कुठेतरी धातू वाचवलेला आहे हे उघड आहे. आतल्या पाती मोजाव्यात, त्या सगळीकडे सारख्या जाडीच्या आहेत ना ते पाहावे. पाती वळणदार असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगवेगळी असते. गाडी पुढे जाताना पात्यांची बाहेरची टोके फिरण्याच्या दिशेपासून मागे झुकलेली असावीत. वरच्या खाचा कोणत्या दिशेला आहेत त्यावरून बाजू ठरवण्याची चूक जाणत्या मेकॅनिककडूनही होते.

मोठ्या व्यासाची डिस्क बसवावी का, असे आपण विचारलेले नाही, पण ट्यूनिंग केलेल्या गाडीचा मालक आज ना उद्या ते विचारतोच. व्यास वाढला की तेवढ्याच दाबात पुढच्या चाकांवर अधिक जोर येतो. आपल्या गाडीला मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे पुढचा-मागचा समतोल बिघडतो, आणि कॅलिपर (पॅड दाबणारा भाग), त्याचे ब्रॅकेट व चाकाचा आकार हे सारेच बदलावे लागते. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक अशा गोष्टी पाहतो.

डिस्क नेहमी जोडीने आणि नव्या पॅडसह बदलाव्यात. बसवताना हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढून घ्यावा, कारण तिथे राहिलेला गंजाचा एक खपला नवी डिस्क तिरकी बसवतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तीच थरथर परत आणतो. शक्य असल्यास डायल गेज लावून डिस्कचा डगमग तपासून घ्यावा. बोल्ट हवेच्या गनने ठोकून न आवळता टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. टायरवाल्याकडे पंक्चर काढल्यावरही हेच पाळावे.

ब्रेक ऑइल बदलून किती दिवस झाले, तेही पाहावे. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 अंशांवर येते. कोकणात ये-जा करणाऱ्या गाडीत दोन वर्षांनी ते बदलणे योग्य. शेवटी, नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी नीट जुळावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 वरून 10 पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा वेग कमी करावा आणि मग काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क निवू द्यावी. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असल्यास ती पाळावी.

प्रश्न : आमचे घर समुद्रालगत आहे. पावसाळ्यात एक रात्र गाडी उभी राहिली तरी डिस्कवर नारिंगी गंज चढतो. डिस्क बदलाव्यात का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : घासल्या जाणाऱ्या पृष्ठावरचा तो गंज पहिल्या चार-सहा ब्रेकांत निघून जातो, त्यासाठी डिस्क बदलू नयेत. गाडी महिनाभर उभी राहिली आणि गंजाने खड्डे पाडले, किंवा बाहेरची कड खपल्यांनी सुटू लागली, तर मात्र बदलणे भाग आहे. त्या वेळी टोपी, कड आणि आतल्या पातींवर जस्ताचा किंवा तत्सम लेप असलेली डिस्क घ्यावी. खाऱ्या हवेत तिला दिलेले जादा पैसे वसूल होतात. भोकांच्या डिस्क तुमच्याकडे मुळीच नकोत, कारण भोकांत ओला गंज व धूळ साचून घट्ट बसते.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त बेंगळुरूला असतो. माझ्याकडे 2017 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे आणि वर्षातून दोनदा मी ती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेतो. तिथे पाचव्या-सहाव्या फेरीनंतर पेडल मऊ पडते. खाचांच्या डिस्क घेतल्यास हे थांबेल का?
— एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : थांबणार नाही. पेडल मऊ पडून खोल जाणे हे ऑइल उकळल्याचे लक्षण आहे. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसती, तर दोष पॅडकडे गेला असता. प्रथम अधिक उत्कलनबिंदूचे ताजे ऑइल भरून सगळी हवा काढून घ्यावी, मग ट्रॅकला चालतील असे पॅड घ्यावेत, आणि डिस्कचा विचार त्यानंतर करावा. डिस्क घ्यायचीच झाली तर अधिक कार्बनची साधी किंवा खाचांची घ्यावी. प्रत्येक वेळी ट्रॅकवरून आल्यावर ती नखाने तपासावी : पृष्ठावर केसासारख्या रेषा दिसणे चालते, पण नख अडकेल असा तडा दिसला किंवा एखादी रेषा बाहेरच्या कडेपर्यंत पोचली, तर ती डिस्क पुन्हा रस्त्यावर आणू नये. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता संथ काढावी, आणि पिटमध्ये हँडब्रेक न लावता गाडी पार्कमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा लावावा.