मायनिंग हा शब्द आला कुठून? बिटकॉइन आणि डेटालाही मायनिंग का म्हणतात?

शब्दाचं आधी उरकतो. इंग्रजीत 'माइन' फ्रेंचमधून आला. त्यामागे कच्च्या धातूला म्हणायचा जुना केल्टिक शब्द असावा, असं बहुतेक कोशकार मानतात. पूर्वी किल्ल्याच्या तटाखाली भुयार खणून तट पाडत, पुढे त्यात दारू ठासू लागले, म्हणून स्फोटकही 'माइन'च. आपल्या सुरुंगाचं तेच झालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुरुंगा' म्हणजे भुयार, आज आपण सुरुंग उडवतो.

आता खरं दुखणं. आमचे साडू पुण्यात डेटा मायनिंग करतात. एका बारशात सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या बाबांची ती अंगमेहनत, आमचं डोक्याचं काम."

बाबा चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खदानीत मायनिंग सरदार, म्हणजे कामगारांच्या गँगची सुरक्षा बघणारे, होते. परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय सरदार होता येत नाही. गँग आत शिरण्याआधी ते काठीनं छत ठोकत. खणखणीत वाजलं तर शाबूत, बद्द वाजलं तर दगड सुटलेला; आधी टेकू, मग काम. सवय इतकी, की भाड्याची खोली बघायला गेले तरी स्लॅब ठोकून बघायचे. छत पेलायला कोळशाचेच खांब सोडतात आणि शेवटी परतताना तेही काढत मागं येतात. मागचं छत कधी बसणार याचा अंदाज बांधायला डोकं लागत नाही म्हणे!

डेटा मायनिंग हे नावच उफराटं आहे. कोळसा खदानीतून कोळसा निघतो. डेटा मायनिंगमध्ये डेटा आधीच समोर असतो, त्यातून संगती शोधायची असते. बिटकॉइन या डिजिटल चलनाचं निदान समजतं. २००८च्या मूळ लेखात नवं नाणं काढण्याची तुलना सोनं खणणाऱ्यांशी केली आहे. प्रत्यक्षात संगणक आकडे चाचपत बसतात आणि वीज खातात. ती वीज बऱ्याच ठिकाणी कोळशाचीच.

साडूंचं काम सोपं आहे असं मात्र नाही, मला ते जमणार नाही.

कोर्ससाठी विचारत असाल तर नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत मायनिंग इंजिनिअरिंग आहे. मुलींनीही बघावं. १९५२च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखाली मनाई होती, २०१९मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी दिवसपाळीत मुभा मिळाली. साडूंची मुलगी यंदा बारावीला आहे. तिलाही हेच सांगणार आहे, साडूंसमोर.