तुम्ही विचारा : पोच घेतली का?

प्रश्न : ताई, आमच्या वस्तीतल्या बायका सगळ्या धुणंभांडी नाहीतर हॉटेलात भाकरी करायला जाणाऱ्या. चार-पाच जणींची निराधारची पेन्शन मधेच बंद झालीय, दोघींनी नवीन फॉर्म भरून वर्ष झालं तरी काही नाही, आणि रेशनला गेलं की अंगठा उठत नाही म्हणून परत पाठवतात. ऑफिसात गेलं की साहेब मिटिंगला गेलेत, उद्या या. पोरं म्हणतात डायरेक्ट मोर्चाच काढू. काय करावं?
– एक ताई, कोल्हापूर

उत्तर : ताई, मोर्चा काढा, जरूर काढा. आपल्या कोल्हापुरात टोल नको म्हटल्यावर अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं, ऐंशी ओलांडलेले ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर पुढं होते आणि शेवटी टोल गेलाच. पण मोर्चा घेऊन साहेबांसमोर गेलात आणि त्यांनी विचारलं की अर्ज कधी दिला, तर हातात कागद पाहिजे. म्हणून माझा पहिला प्रश्न हाच की फॉर्म दिला तेव्हा पोच घेतली का? बहुतेक जणींकडं नसते, कारण खिडकीवरचा माणूस म्हणतो ठेवा, बघतो, आणि आपण ठेवून येतो. इथून पुढं झेरॉक्सवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, मागं लाइन लागली तरी चालेल.

एक दिवस सगळ्याजणी बसा आणि एक वही घाला. नाव, योजना, अर्जाची तारीख, पैसे कुठल्या महिन्यापासून बंद, खातं कुठल्या बँकेत. एवढं लिहिलंत की निम्मा गुंता तिथंच दिसतो. पेन्शन आता डीबीटीनं, म्हणजे सरकारकडनं थेट, आधार जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळं काहींचे पैसे दुसऱ्याच जुन्या खात्यात पडत असतात आणि काहींचं आधार बँकेत जोडलेलंच नसतं. काहींचा हयातीचा दाखला राहिलेला असतो. ही कामं बँकेत आणि तहसीलच्या संगायो (संजय गांधी निराधार योजना) शाखेत एकदोन चकरांत होतात, त्याला मोर्चा लागत नाही.

ज्यांचे फॉर्म अडकलेत त्यांनी माहिती अधिकारात विचारायचं, माझा अर्ज सध्या कुणाच्या टेबलावर आहे आणि त्यावर काय निर्णय झाला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. शिवाय लोकशाही दिन असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. तिथं प्रत्येकीची वैयक्तिक तक्रार घेतात, संघटनेचं निवेदन चालत नाही, तर मग प्रत्येकीनं आपापला अर्ज आधीच द्यायचा आणि त्या सोमवारी सगळ्यांनी मिळून जायचं. एकटी बाई दिसली की उद्या या म्हणतात, वीसजणी दिसल्या की खुर्च्या मागवतात!

अंगठ्याचं मला फार लागतं. साबण-सोड्यात हात घालून बोटांच्या रेषा गेल्या, आणि त्याच कष्टामुळं मशीन म्हणतं ही बाई तू नव्हेस. अंगठा उठला नाही म्हणून कार्डधारकाला धान्य नाकारायचं नाही, हे केंद्रानं २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलंय. दुकानदाराला तसं सांगा, ऐकलं नाही तर तारीख वहीत लिहा आणि पुरवठा निरीक्षकाकडं लेखी द्या.

आता मोर्चा कशासाठी काढायचा ते सांगते. निराधारसाठी घरचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत दाखवावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. दोन घरची भांडी घासली तरी बाई त्याच्या वर जाते. पेन्शन २०२३ मध्ये १,००० ची १,५०० झाली पण ही अट कितीतरी वर्षं तिथंच आहे, मग विधवा बाईला खोटं उत्पन्न सांगायला लावायचं आणि वर तिलाच खोटारडी म्हणायचं, हे कुठलं न्यायाचं? ही अट कुठल्या खिडकीवर बदलणार नाही. त्यासाठी दसरा चौकातनं निघा, मी येते.

प्रश्न : फुकट धान्यामुळं माणसं आळशी झालीत, कामाला बाई मिळत नाही. यावर कधी लिहिणार?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो मिळतं, दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आतच. त्यावर डाळ नाही, तेल नाही, गॅस नाही, खोलीभाडं नाही, पोराची फी नाही. एवढ्यासाठी कोण काम सोडेल? बाई मिळत नसेल तर पगार किती देता आणि आजारी पडली की खाडा कापता का, हे एकदा बघा. आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, गावोगावची पोरं शिकावीत म्हणून वसतिगृहं काढली, त्या पोरांना आयतं जेवण मिळालं म्हणून ती आळशी झाली नाहीत, शिकून मोठी झाली. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

प्रश्न : २६ जूनला शाहू जयंतीनिमित्त मंडळातर्फे गरजूंना किट वाटायचं ठरलंय. काय काय द्यावं?
– मंडळाचा कार्यकर्ता

उत्तर : दादा, भावना चांगली आहे पण किट पंधरा दिवसांत संपतं. त्याच पैशात मंडपात एक झेरॉक्स मशीन, दोन लॅपटॉप आणि बँकेतनं रिटायर झालेला एखादा माणूस बसवा. आधार जोडणी झालीय का तपासायचं, रेशनची केवायसी, निराधारचे फॉर्म, सगळं तिथंच भरून द्या. स्टेजवर बोलावून फोटो काढू नका. आणि सकाळी ठेवू नका, बायका कामावरनं सहानंतर येतात, त्यामुळं रात्री नऊपर्यंत चालू ठेवा.