खाडे धरून हिशोब मांड

तुझा प्रश्न काल रात्री वाचला, आज जरा डोकं जागेवर आहे म्हणून लिहायला बसले. तुझं वय 36, कॅन्सर फोर्थ स्टेजचा, डॉक्टर म्हणाले वर्ष-दीड वर्ष. पंधरा वर्षं डोक्यात घोळणारी गिरणगावातल्या तीन पिढ्यांची कादंबरी आता तरी लिहावी का, त्यासाठी नोकरी सोडावी का, आणि बायको म्हणते आराम कर तर तिचं ऐकावं का. भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नको.

माझं थोडक्यात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरला गेलेला, तिसरं वर्ष चालू. नाटक लिहायची हौस कॉलेजपासूनची, संसारात राहून गेली ती गेलीच. या तीन वर्षांत पाच एकांकिका झाल्या, त्यातल्या दोन बऱ्या आहेत. इथे बरेच जण तुला जिद्द, झुंज वगैरे लिहून गेलेत, पण जिद्दीने पानं भरत नाहीत रे, त्याला तास लागतात.

तर आधी तास मोज. माझी केमो दर 14 दिवसांनी. पहिल्या दिवशी हॉस्पिटलात सलाइन, मग 46 तास गळ्यात पंपाची पिशवी अडकवून घरी. उलट्या होऊ नयेत म्हणून स्टेरॉइड देतात, त्याने रात्री दोनला टक्क जाग आणि डोक्यात एकेक अशा भन्नाट कल्पना की वाटावं आपल्यासारखे आपणच. पहिल्या खेपेला मी त्या एका रात्रीत सतरा पानं लिहिली. आठवड्याने वाचली तर एक बाई पान नऊवर मेलेली आणि पान बारावर चहा पीत बसलेली. तेव्हापासून स्टेरॉइडच्या रात्री नुसते मुद्दे टिपते, बाकी काही नाही. तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत अंथरुणातच. सातव्यापासून पुढचे जे काय ते आपले, त्यातही सकाळचे दोन तास, आणि त्यातनं रक्ताचे रिपोर्ट, भेटायला येणारे, इन्शुरन्सवाल्यांचे फोन वजा केले की पंधरवड्याला हातात येतात दहा तास.

दुधाचा खाडा कालनिर्णयवर मांडतो ना, तसा मी वाईट दिवसांवर खाडा मांडते. खाडा म्हणजे खाडा, त्याचं पुढे वाईट वाटून घ्यायचं नाही. तूही केमोच्या दोन-तीन सायकल मांडून बघ, तुझे तास किती ते आपोआप कळेल.

आणि बोटं सांभाळ. मला ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू होतं तेव्हा फ्रीजमधनं दुधाची पिशवी काढायला हातमोजे घालायचे, गार स्टीलचा पेला धरला तरी सुया टोचल्यासारखं व्हायचं. पुढे पुढे बोटं बधिरच, ब्लाउजचे हूक जाऊबाईंनी लावून द्यायचे. पेन धरवेना म्हणून फोनला बोलून लिहायला लागले. माझं मराठी त्याला बऱ्यापैकी कळतं, फक्त आमच्याकडचं 'व्हय' तो 'होय' करून ठेवतो, मग बसा दुरुस्त करत. पण संवाद तोंडाने म्हणत लिहिल्यामुळे माझी पात्रं पहिल्यांदा माणसासारखी बोलली हे कबूल करायला हवं. तुला कुठलं औषध आहे ते लिहिलं नाहीस, पण मुंग्या सुरू झाल्या तर लगेच डॉक्टरांना सांग. डोस कमी करता येतो, मी उगाच सोसत बसले.

आता कादंबरी. दहा तासांच्या हिशोबात तीन पिढ्या बसत नाहीत, ती सोड. तुझ्या अख्ख्या प्रश्नात मला एकच ओळ लक्षात राहिली, आजी खाणावळ चालवायची आणि तिची खाड्यांची वही अजून घरात आहे. अरे तेच लिही की! 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीचेक लाख कामगार बाहेर, माणसं हळूहळू गावाला निघून गेली, म्हणजे त्या वहीत एकेका नावापुढे खाडे वाढत गेले असणार. एकेक नाव म्हणजे एकेक प्रकरण, दहा-बारा पानांचं, स्वतंत्र. पाच झाली तरी पुस्तक, बारा झाली तरी पुस्तक. मधेच थांबावं लागलं तर कोणाला भोक दिसणार नाही.

गडकऱ्यांचं आठव. क्षयाने 23 जानेवारी 1919 ला सावनेरला गेले, वय 33. भावबंधन अगदी शेवटी पुरं केलं, राजसंन्यास अर्धवट राहिलं. आपण अजून राजसंन्यासबद्दल हळहळतो, पण गडकरी होते म्हणून ते अर्धवटही छापलं गेलं, तुझं-माझं कोण छापणार? दुसरा बार्टोक, हंगेरीचा संगीतकार, ल्युकेमियाने 1945 मध्ये न्यूयॉर्कला गेला. तिसरा पियानो कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, बायकोसाठी लिहीत होता, ती स्वतः पियानो वाजवायची. शेवटच्या 17 बारचं, म्हणजे शेवटच्या छोट्याशा तुकड्याचं, वाद्यवृंदाचं लेखन तेवढं राहिलं, ते त्याच्या मित्राने केलं. मूळ संगीत कागदावर होतं म्हणून करता आलं. तेव्हा रोज लिहून उठताना पुढच्या प्रकरणात काय येणार ते चार ओळीत लिहून ठेव, कोणालाही वाचता येईल असं.

नोकरी एवढ्यात सोडू नको. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तो साधारण नोकरीबरोबर जातो आणि या आजारात नवीन पॉलिसी कोण देणार. आधी एचआरशी बोल, बिनपगारी रजा, घरून काम, काहीही चालेल.

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं नि बाकीचा त्रास आटोक्यात ठेवणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच भेट. लोक ऐकूनच घाबरतात, पण बॉस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 पेशंटवर केलेला अभ्यास 2010 मध्ये आला, त्यात ही केअर सुरुवातीपासून मिळालेले पेशंट नुसते बरे राहिले असं नाही, जास्त जगले, साधारण 8.9 महिन्यांऐवजी 11.6. आणि दुखणं आटोक्यात नसेल तर दोन तास सोड, दोन ओळी होत नाहीत. मॉर्फिन दिलं तर पहिले काही दिवस गुंगी येते, मग बऱ्याच जणांची उतरते. बद्धकोष्ठाचं औषध मात्र त्याच दिवसापासून मागून घे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मृत्युपत्रात लिखाणाचा हक्क कोणाला ते लिही, कॉपीराइट आपल्याकडे लेखकानंतर 60 वर्षं राहतो. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही. लॅपटॉपचा पासवर्ड बायकोला आजच सांग.

आणि बायकोचं. माझ्या नवऱ्याची तक्रार लिहिण्याबद्दल नव्हतीच. चांगले दोन तास वहीला आणि उरलेली, ओकारी काढणारी मी त्याला, ही तक्रार होती, आणि खरी होती. मग चांगल्या आठवड्यातला रविवार पूर्ण त्याचा केला, त्या दिवशी फोनला काही बोलत नाही. तुझी बायको आराम कर म्हणते तेव्हा तिला नक्की काय हवंय ते एकदा विचार तरी.

उद्या माझी केमो, त्यामुळे पुढच्या आठवड्यापर्यंत उत्तर आलं नाही तर खाडा समज. तोवर आजीची वही काढ आणि पहिल्या पानावर पहिलं नाव कोणाचं आहे, त्याचे किती खाडे, ते इथे लिही.